फ्लटर अपडेट केलं, आता या पिवळ्या ओळींचं काय करायचं?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

फ्लटर हे अँड्रॉइड आणि आयफोनची ॲपं बनवण्याचं साधन. त्याचं एसडीके (साधनसंच) अपडेट केल्यावर डीबग बिल्डमध्ये, म्हणजे चाचणीसाठी ॲप बांधताना, येणाऱ्या पिवळ्या वॉर्निंगबद्दल बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत. आज्ञा, फाइलींची आणि कोडमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांत, लहान-मोठ्या अक्षरांचा फरक सांभाळून लिहावीत.

प्रश्न : अँड्रॉइड स्टुडिओ आणि फ्लटर दोन्ही एकदमच अपडेट केलं. ॲप चालतं, पण प्रत्येक डीबग बिल्डला 'सोर्स व्हॅल्यू ८ इज ऑब्सोलीट अँड विल बी रिमूव्हड इन अ फ्यूचर रिलीज' अशा ओळी येतात. बिल्ड.ग्रेडलमध्ये (ॲप बांधणाऱ्या ग्रेडल या साधनाच्या सूचना-फाइलीत) जावाच्या आकड्यात ८ च्या जागी ११ केलं, तरी त्या हटत नाहीत. शिवाय ११ केल्यामुळे जुन्या फोनवर ॲप चालेनासं होईल का, ही धास्ती वेगळीच. (सांगली)

उत्तर : ही तक्रार फ्लटरची नाही, जावा कंपायलरची आहे. अँड्रॉइड स्टुडिओच्या लेडीबग आवृत्तीपासून सोबत जेडीके (जावाचा साधनसंच) २१ येतो आणि फ्लटर स्वतःहून तोच उचलतं. जावा ८ च्या पातळीचा कोड बनवायला सांगितला की जेडीके २१ कुरकुर करतो. जेडीके १७ करत नव्हता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी अपडेट झाल्या, म्हणून खापर फ्लटरवर फुटलं.

तुम्ही ११ केलंत ते बरोबरच आहे, पण ते तुमच्या ॲपच्या मॉड्यूलपुरतं. पबस्पेकमधलं (पॅकेजांच्या यादीच्या फाइलीतलं) अँड्रॉइड कोड असलेलं प्रत्येक प्लगइन, म्हणजे तयार जोडभाग, ग्रेडलच्या हिशेबी स्वतंत्र मॉड्यूल असतं आणि ते आपापल्या बिल्ड.ग्रेडलप्रमाणे कंपाइल होतं. त्यातल्या कुणाच्या तरी फाइलीत अजून 'जावाव्हर्जन.व्हर्जन_१_८' लिहिलेलं आहे. ते कोण, हे शोधायला आधी 'फ्लटर क्लीन' आणि 'फ्लटर पब गेट' चालवा. मग अँड्रॉइड फोल्डरात जाऊन './ग्रेडलडब्ल्यू ॲप:असेंबलडीबग --कन्सोल=प्लेन' द्या. साध्या कन्सोलमध्ये प्रत्येक टास्कचं नाव छापलं जातं. वॉर्निंगच्या लगेच वर '> टास्क :अमुक_प्लगइन:कंपाइलडीबगजावाविथजावाक' अशी ओळ दिसेल, तोच तुमचा माणूस. क्लीन न करता चालवलंत तर आधी कंपाइल झालेली मॉड्यूलं ग्रेडल पुन्हा कंपाइल करत नाही, त्यामुळे वॉर्निंगही दिसत नाही आणि ती गेली असा भ्रम होतो.

नाव कळलं की 'फ्लटर पब आउटडेटेड' चालवून त्या प्लगइनची नवी आवृत्ती आहे का बघा. असेल तर ती घ्या. नसेल तर वॉर्निंग तशीच राहू द्या, बिल्डला त्याने काहीही धोका नाही. रोज डोळ्यांना खुपत असेल तर अँड्रॉइड फोल्डरातल्या वरच्या बिल्ड.ग्रेडलमध्ये सगळ्या सबप्रोजेक्टच्या 'जावाकंपाइल' टास्कना '-एक्सलिंट:-ऑप्शन्स' हा पर्याय देऊन ती गप्प करता येते. कंपायलर स्वतःच तिसऱ्या ओळीत हा उपाय सुचवतो.

दोन गोष्टी मात्र करू नका. एक, पब-कॅशमध्ये (उतरवलेली पॅकेजं साठतात त्या फोल्डरात) शिरून प्लगइनची फाइल हाताने बदलणं. ती दुरुस्ती तुमच्याच मशीनवर राहते आणि कॅश नव्याने भरला की तीही जाते. दुसरी, सबप्रोजेक्टवर सरसकट जावा १७ लादणारा इंटरनेटवरचा तुकडा चिकटवणं. त्याने जावाची पातळी बदलते, कॉटलिन या अँड्रॉइडच्या दुसऱ्या भाषेची 'जेव्हीएमटार्गेट' जुनीच राहते. मग साध्या वॉर्निंगच्या जागी 'इनकन्सिस्टंट जेव्हीएम-टार्गेट कंपॅटिबिलिटी' अशी एरर येऊन बिल्डच थांबतं. आपल्या ॲपमध्येसुद्धा 'सोर्सकंपॅटिबिलिटी', 'टार्गेटकंपॅटिबिलिटी' आणि 'जेव्हीएमटार्गेट' या तिन्ही ठिकाणी एकच आकडा हवा.

जुन्या फोनची धास्ती सोडा. ११ किंवा १७ हा आकडा कोड कुठल्या जावाच्या व्याकरणात लिहिलाय ते सांगतो. तो कोड जुन्या अँड्रॉइडला समजेल असा करून देणं हे डी८ या साधनाचं काम. ॲप कुठल्या फोनपर्यंत चालणार ते 'मिनएसडीके' ठरवतं, आणि त्याला तुम्ही हात लावलेला नाही.

प्रश्न : 'फ्लटर सपोर्ट फॉर युअर प्रोजेक्ट्स ग्रेडल व्हर्जन विल सून बी ड्रॉप्ड' अशी वॉर्निंग येते. ग्रेडलनंतर अँड्रॉइड ग्रेडल प्लगइनबद्दल तीच, मग कॉटलिनबद्दल तीच. एक वाढवलं की दुसरं रुसतं. ऑफिसातल्या दुसऱ्या एका जुन्या प्रोजेक्टमध्ये तर थेट 'अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६५' येऊन सगळं ठप्प झालं. (पुणे)

उत्तर : आधी ६५ चा उलगडा. या आकड्यातून ४४ वजा केले की जावाची आवृत्ती मिळते : ५२ म्हणजे ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. तुमचं ग्रेडल जावा २१ वर चालवलं जातंय आणि ते त्या मानाने जुनं आहे. जावा २१ वर चालायला ग्रेडल किमान ८.५ लागतं. अशा वेळी 'ग्रेडलडब्ल्यू रॅपर' ही आज्ञा देऊन आवृत्ती वाढवायला जाल तर तीही त्याच एररने पडेल, कारण ती आज्ञा चालवायलाही आधी जुनं ग्रेडल सुरू व्हावं लागतं. अँड्रॉइड, ग्रेडल, रॅपर या फोल्डरांत शिरून ग्रेडल-रॅपर.प्रॉपर्टीज उघडा आणि 'डिस्ट्रिब्यूशनयूआरएल'मधला आकडा हातानेच बदला.

आता क्रम. अँड्रॉइड ग्रेडल प्लगइनच्या (या उत्तरात पुढे नुसतं 'प्लगइन' म्हणजे हेच) प्रत्येक आवृत्तीला ग्रेडलची किमान एक आवृत्ती लागते : ८.३ ला ग्रेडल ८.४, ८.५ आणि ८.६ ला ८.७, ८.७ ला ८.९, ८.९ ला ८.११.१. म्हणून आधी ग्रेडल वाढवा, बिल्ड करा, कमिट करा. मग प्लगइन वाढवा, पुन्हा बिल्ड, पुन्हा कमिट. कॉटलिन शेवटी. तिन्ही आकडे एका दमात बदलले आणि बिल्ड पडलं, तर कुणामुळे पडलं हे शोधण्यात दुपार जाते. प्लगइन ८.७, ग्रेडल ८.९ आणि कॉटलिन २.१.० हे त्रिकूट एकमेकांशी जुळतं. फ्लटरची पुढची आवृत्ती याहून वरचं मागू शकते, म्हणून प्रत्येक अपडेटनंतर प्रोजेक्टच्या मुळाशी 'फ्लटर ॲनलाइज --सजेशन्स' चालवण्याची सवय लावा. जावा, ग्रेडल आणि प्लगइन यांचं आपसात जमतं की नाही ते ही आज्ञा सांगते. फ्लटर नेमका कुठला जावा वापरतंय ते 'फ्लटर डॉक्टर -व्ही'मध्ये अँड्रॉइड टूलचेनखाली दिसतं. टर्मिनलमधल्या 'जावा -व्हर्जन'वर विसंबू नका, तो वेगळाच जावा असू शकतो. फ्लटरला ठरावीक जेडीके द्यायचा असेल तर 'फ्लटर कॉन्फिग --जेडीके-डिर=' आणि पुढे पाथ. प्लगइन ८ किंवा त्यापुढचं असेल तर जेडीके १७ च्या खाली जाता येत नाही.

आकडे कुठे बदलायचे हे प्रोजेक्टच्या वयावर अवलंबून आहे. फ्लटर ३.१६ पासूनच्या नव्या प्रोजेक्टमध्ये प्लगइन आणि कॉटलिनच्या आवृत्त्या सेटिंग्ज.ग्रेडलमधल्या 'प्लगइन्स' ब्लॉकमध्ये असतात. त्याआधीच्या प्रोजेक्टमध्ये त्या वरच्या बिल्ड.ग्रेडलमधल्या 'बिल्डस्क्रिप्ट' ब्लॉकमध्ये असतात, आणि तिथेच आणखी एक वॉर्निंग दबा धरून असते : 'यू आर अप्लाइंग फ्लटर्स मेन ग्रेडल प्लगइन इम्परेटिव्हली'. हिच्याकडे कानाडोळा करू नका. जुनी पद्धत काढून टाकणार असं ती स्पष्ट सांगते आहे. दुरुस्ती तीन फाइलींत करायची. सेटिंग्ज.ग्रेडलमध्ये 'प्लगइनमॅनेजमेंट' आणि त्याखाली 'प्लगइन्स' ब्लॉक येतो. ॲपच्या बिल्ड.ग्रेडलमधल्या 'अप्लाय प्लगइन' आणि 'अप्लाय फ्रॉम' या ओळी जाऊन तिथेही 'प्लगइन्स' ब्लॉक येतो. वरच्या बिल्ड.ग्रेडलमधला 'बिल्डस्क्रिप्ट' ब्लॉक जातो. सोपा मार्ग असा : बाजूला एक कोरा प्रोजेक्ट 'फ्लटर क्रिएट'ने बनवा आणि त्याच्या या तीन फाइली समोर ठेवून आपल्या जुळवा. फायरबेससारख्या सेवांच्या 'क्लासपाथ' ओळी जुन्या ब्लॉकमध्ये असतील तर त्याही सेटिंग्ज.ग्रेडलमध्ये 'अप्लाय फॉल्स' लावून न्याव्या लागतात. लोक नेमकं हेच विसरतात.

वॉर्निंगच्या खालीच '--अँड्रॉइड-स्किप-बिल्ड-डिपेंडन्सी-व्हॅलिडेशन' हा फ्लॅग सुचवलेला असतो. उद्या सकाळी रिलीज द्यायचंय, एवढ्यापुरता तो ठीक. बिल्ड सर्व्हरच्या स्क्रिप्टमध्ये तो कायमचा घालून ठेवलात तर पुढच्या अपडेटला वॉर्निंग न मिळता थेट मोडलेलं बिल्ड मिळेल.

प्रश्न : 'युअर प्रोजेक्ट इज कॉन्फिगर्ड विथ अँड्रॉइड एनडीके २६.३...' असं म्हणून खाली पाच-सहा प्लगइनची नावं आणि २७.०.१२०७७९७३ हा आकडा येतो. मी सी++ची एक ओळही लिहिलेली नाही. (मडगाव)

उत्तर : तुम्ही लिहिलेली नाही, पण त्या प्लगइनच्या मॉड्यूलमध्ये एनडीकेची (सी++ कोडसाठीच्या अँड्रॉइडच्या साधनसंचाची) ती आवृत्ती नोंदलेली आहे. ॲपच्या बिल्ड.ग्रेडलमध्ये 'एनडीकेव्हर्जन' समोर 'फ्लटर.एनडीकेव्हर्जन' असेल. तिथे अवतरणचिन्हांत यादीतला सर्वांत मोठा आकडा लिहा. नवा एनडीके जुन्याचं काम करतो, उलटं होत नाही.

पुढच्या बिल्डला तो एनडीके आपोआप उतरेल. फाइल मोठी असते, आणि मधेच नेट गेलं तर अर्धवट फोल्डर मागे राहतो. मग 'डिड नॉट हॅव अ सोर्स.प्रॉपर्टीज फाइल' अशी एरर येते. अँड्रॉइड एसडीकेच्या एनडीके फोल्डरातला त्या आकड्याचा फोल्डर पूर्ण उडवा आणि पुन्हा बिल्ड करा. एसडीके मॅनेजरमध्ये 'शो पॅकेज डिटेल्स'वर टिचकी मारून तिथून उतरवलं तरी चालतं.

या निमित्ताने एक तपासणी उरकून घ्या. अँड्रॉइड १५ किंवा त्यापुढे टार्गेट करणाऱ्या ॲपमधल्या ६४ बिटच्या नेटिव्ह लायब्ररी (सी++सारख्या भाषेतून बनलेल्या .एसओ फाइली) १६ केबी मेमरी पेजवर चालल्या पाहिजेत, अशी अट प्ले स्टोअरने १ नोव्हेंबर २०२५ पासून घातली आहे. स्टुडिओच्या बिल्ड मेनूतून 'ॲनलाइज एपीके' उघडा आणि लिब फोल्डरातल्या .एसओ फाइलींसमोरचा अलाइनमेंटचा रकाना बघा. एखाद्या फाइलीसमोर ४ केबी दिसलं तर ती ज्या प्लगइनची आहे त्याची नवी आवृत्ती घ्यावी लागेल. आधीच बनून आलेली .एसओ फाइल तुम्ही एनडीके बदलल्याने सुधारत नाही.

प्रश्न : रंगाची पारदर्शकता ठरवणारी 'विथओपॅसिटी' आता जुनी झाली, म्हणजे 'विथओपॅसिटी इज डेप्रिकेटेड', असे शेकडो इशारे आले आहेत आणि त्यामुळे आमचं सीआय (कोड आपोआप तपासणारी यंत्रणा) लाल होतंय. शोधा-आणि-बदला केलं तर चालेल का? (नाशिक)

उत्तर : चालेल, पण डोळे उघडे ठेवून. फ्लटर ३.२७ पासून 'कलर' आतून बदलला. पूर्वी लाल, हिरवा, निळा आणि अल्फा (अपारदर्शकता) हे चौघे ० ते २५५ मधले पूर्णांक होते, आता ते ० ते १ मधले अपूर्णांक आहेत, कारण रुंद रंगपट्ट्याच्या स्क्रीनवर २५६ पायऱ्या अपुऱ्या पडतात. 'विथओपॅसिटी(०.५)' च्या जागी 'विथव्हॅल्यूज(अल्फा: ०.५)' हा बदल सरळ आहे. आधी 'डार्ट फिक्स --ड्राय-रन' चालवून यंत्र स्वतः काय काय बदलू शकतं ते बघा, उरलेलं एडिटरमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशनने बदला. कंसात कंस असलेल्या जागा, म्हणजे ओपॅसिटी एखाद्या फंक्शनमधून येते तिथे, साधा पॅटर्न फसतो. त्या हाताने करा.

धोका 'विथओपॅसिटी'त नाही, तिच्या शेजारी येणाऱ्या '.रेड', '.ग्रीन', '.ब्लू' आणि '.व्हॅल्यू' यांच्या इशाऱ्यांत आहे. '.रेड'च्या जागी नुसतं '.आर' लिहिलं की १८० च्या ऐवजी ०.७० च्या आसपासचा आकडा हातात येतो. डबल चालत असेल अशा ठिकाणी कंपायलर हूं की चूं करत नाही आणि रंग काळपट होतात. पूर्णांक हवा असेल तर २५५ ने गुणून 'राउंड' करा. रंग डेटाबेसमध्ये किंवा प्रेफरन्समध्ये '.व्हॅल्यू'ने साठवत असाल तर तिथे 'टूएआरजीबी३२' वापरा. पूर्वी साठवलेले आकडे तसेच वाचता येतात. रंगांची तुलना करणाऱ्या चाचण्याही तपासा : अल्फा ०.५ आणि हेक्स ८० हे आता समान धरले जात नाहीत, कारण १२८ भागिले २५५ म्हणजे ०.५०२.

सीआय लाल होण्याचं कारण असं की 'फ्लटर ॲनलाइज' साध्या माहितीवजा इशाऱ्यालाही अपयश मानतं. बदल पूर्ण होईपर्यंत '--नो-फेटल-इन्फोज' लावा. ॲनालिसिस_ऑप्शन्स फाइलीत 'डेप्रिकेटेड_मेंबर_यूज' सरसकट 'इग्नोर' करू नका. पुढच्या प्रश्नातल्यासारखा खरा इशारा त्यातच दडपला जातो.

प्रश्न : मागे जाणं अडवायला वापरलेल्या 'विलपॉपस्कोप'च्या जागी 'पॉपस्कोप' आणलं. आता फॉर्ममधून मागे जाताना 'बदल जतन न करता बाहेर पडायचं?' हा डायलॉग दोनदा येतो, आणि पहिल्या पानावर 'हो' म्हटलं की काळी स्क्रीन. लॉगमध्ये 'ऑनबॅकइन्व्होक्डकॉलबॅक इज नॉट एनेबल्ड' हेही दिसतं. (ठाणे)

उत्तर : इथे नाव बदलून भागत नाही, कारण वागणूकच उलटी झाली आहे. 'विलपॉपस्कोप' मागचं बटण दाबल्यावर तुम्हाला विचारायचं, जाऊ का? नव्या अँड्रॉइडमध्ये बोट सरकवतानाच मागच्या पानाची झलक दिसते, म्हणून जायला मुभा आहे की नाही हे यंत्रणेला आधीच ठाऊक असावं लागतं. ते सांगण्यासाठी 'कॅनपॉप'. 'ऑनपॉपइन्व्होक्डविथरिझल्ट' हे फंक्शन घडून गेल्यानंतर हाक मारतं, आणि खरोखर मागे गेलो की नाही ते 'डिडपॉप'मध्ये सांगतं.

दोनदा डायलॉगचं कारण असं : 'कॅनपॉप' फॉल्स, वापरकर्त्याने मागे दाबलं, 'डिडपॉप' फॉल्स घेऊन हाक आली, तुम्ही डायलॉग दाखवला. त्याने 'हो' म्हटलं, तुम्ही 'नॅव्हिगेटर.पॉप' करून पान बंद केलं. ही आज्ञा 'कॅनपॉप'ला जुमानत नाही, पान जातं, आणि त्या जाण्याचीही हाक तुम्हालाच येते, या वेळी 'डिडपॉप' ट्रू घेऊन. तुम्ही ते न तपासता पुन्हा डायलॉग उघडता. फंक्शनची पहिली ओळ 'डिडपॉप ट्रू असेल तर रिटर्न' हीच हवी. डायलॉगच्या 'अवेट'नंतर 'कॉन्टेक्स्ट.माउंटेड' तपासा आणि मगच पॉप करा.

काळ्या स्क्रीनचं कारण : पहिल्या पानाखाली दुसरं पान नसतं, तेच पॉप केलं की दाखवायला काही उरत नाही. तिथे 'सिस्टिमनॅव्हिगेटर.पॉप' वापरा.

आणखी दोन खाचखळगे. 'कॅनपॉप'ची किंमत बिल्डच्या वेळी वाचली जाते. वापरकर्त्याने पहिलं अक्षर टाइप केल्यावर 'बदल झाला' हे व्हेरिएबल नुसतं बदललंत आणि 'सेटस्टेट' केलं नाही, तर जुनीच किंमत लागू राहते आणि फॉर्म न विचारता बंद होतो. आणि 'कॅनपॉप' कायम फॉल्स ठेवलंत तर आयफोनवर कडेवरून सरकवून मागे जाणं पूर्ण बंद पडतं. म्हणून जतन न केलेला बदल असेल तेव्हाच फॉल्स.

लॉगमधली ओळ अँड्रॉइड १३ पासून दिसते. मॅनिफेस्टच्या 'ॲप्लिकेशन' टॅगमध्ये 'एनेबलऑनबॅकइन्व्होक्डकॉलबॅक' ट्रू केलं की जाते, पण वरची कामं झाल्यावरच करा, आणि एकही 'विलपॉपस्कोप' शिल्लक नाही ना ते शोधून घ्या. अँड्रॉइड १६ टार्गेट केलं की ही सोय आपोआप चालू होते, तेव्हा हे काम फार काळ टाळता येणार नाही.

प्रश्न : 'स्किप्ड ६२ फ्रेम्स! द ॲप्लिकेशन मे बी डूइंग टू मच वर्क' ही ओळ अपडेटनंतर वाढली. (जळगाव)

उत्तर : ३० किंवा जास्त फ्रेम चुकल्या की अँड्रॉइड ही ओळ छापतं. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर ६२ फ्रेम म्हणजे साधारण एक सेकंद. डीबगमध्ये डार्टचा (फ्लटरच्या भाषेचा) कोड चालता चालता कंपाइल होतो, त्यामुळे ॲप उघडताना ती येणारच, एम्युलेटरवर तर हमखास. खऱ्या फोनवर 'फ्लटर रन --प्रोफाइल' करून बघा. तिथेही दिसली तर ॲप सुरू होताना वाचली जाणारी मोठी जेसन फाइल किंवा डेटाबेस शोधा आणि ते काम 'आयसोलेट.रन'मध्ये हलवा.

प्रश्न : मॅकवर प्रत्येक पॉडसाठी (आयफोनच्या ॲपमधल्या जोडभागासाठी) 'आयफोनओएस डिप्लॉयमेंट टार्गेट इज सेट टू ९.०' असं येतं. पॉडफाइलच्या वर १३.० लिहिलंय. (न्यू जर्सी)

उत्तर : वरची ओळ तुमच्या ॲपची अट सांगते, पॉडचं टार्गेट त्याच्या स्वतःच्या पॉडस्पेकमधून येतं. पॉडफाइलच्या तळाशी 'पोस्ट_इन्स्टॉल'मध्ये 'फ्लटर_ॲडिशनल_आयओएस_बिल्ड_सेटिंग्ज' ही ओळ आहे. तिच्या खाली, त्याच लूपच्या आत, प्रत्येक कॉन्फिगरेशनच्या बिल्ड सेटिंगमध्ये हे टार्गेट १३.० करा आणि 'पॉड इन्स्टॉल' चालवा. एक्सकोडमध्ये पॉड निवडून हाताने बदलाल तर पुढच्या 'पॉड इन्स्टॉल'ला ते पुसलं जाईल.

प्रश्न : हे सगळं करायला सध्या वेळ नाही. जुन्या आवृत्तीवर परत कसं जायचं? (कोल्हापूर)

उत्तर : त्याच चॅनलवर याआधीची आवृत्ती हवी असेल तर 'फ्लटर डाउनग्रेड'. पण एका मशीनवर दोन-तीन ग्राहकांची ॲपं असतील तर एफव्हीएम (फ्लटरच्या अनेक आवृत्त्या सांभाळणारं साधन) बसवा आणि प्रोजेक्टच्या फोल्डरात 'एफव्हीएम यूज ३.२४.५' अशी आवृत्ती ठरवून टाका. त्यानंतर आज्ञा 'एफव्हीएम फ्लटर रन' अशी द्यायची आणि एडिटरमधला फ्लटरचा पाथ '.एफव्हीएम' फोल्डरातल्या 'फ्लटर_एसडीके'कडे वळवायचा, नाहीतर टर्मिनल एक आवृत्ती वापरतं आणि एडिटर दुसरी. मागे जाताना पबस्पेक.लॉक आणि अँड्रॉइड फोल्डरही गिटमधून अपडेटच्या आधीचे परत आणा. नव्या डार्टवर ठरलेल्या पॅकेज आवृत्त्या जुन्या डार्टला चालतीलच असं नाही, आणि 'पब गेट' तिथेच अडू शकतं.